मित्राला कॉफीच्या बिया भेट द्यायच्यात? आधी भाजल्याची तारीख बघा

बेळगावहून पुण्या-मुंबईकडे निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय असतं, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको. कुंदा असतो, गोकाकचा करदंट असतो. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एका वस्तूची मागणी येऊ लागली आहे. "कर्नाटकात राहता, येताना चांगली कॉफी आणा की!" मागणी रास्तच आहे. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. त्यामुळे इथल्या माणसाला कॉफीतलं कळत असणार, असा पलीकडच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्यातल्या पुष्कळांची घरं चहाची. मग गडबडीत मोठ्या दुकानातलं चकचकीत, महागडं पाकीट घेतलं जातं आणि पुढे ते मित्राच्या कपाटात वर्षभर पडून राहतं. कधी आत अख्ख्या बिया निघतात आणि घरात दळायला काहीच नसतं. कधी पूड निघते, पण ती भाजून आठ महिने झालेले असतात.

दोन्ही वेळा पैसे गेले ते एकाच कारणाने. घेताना ब्रँड बघितला, किंमत बघितली, पाकिटावरचं डोंगराचं चित्र बघितलं. पण बी कधी भाजली आणि मित्र कॉफी कशात करतो, हे दोन प्रश्न राहून गेले. कॉफी भेट देताना बाकी सगळं या दोन प्रश्नांनंतर येतं.

ताजी म्हणजे कधीची?

भाजी-फळांसारखा ताजेपणाचा हिशेब इथे लागत नाही. झाडावरून उतरवलेली कॉफी वाळवून, टरफल काढून जी हिरवट-करडी बी उरते, तिच्यात दहा-बारा टक्के ओलावा असतो. नीट ठेवली तर ही कच्ची बी वर्षभर टिकते. घड्याळ सुरू होतं ते भाजल्यावर.

ज्यांच्या घरी अजून थालीपिठाची भाजणी किंवा गोडा मसाला होतो, त्यांना हे लगेच कळेल. धणे डब्यात महिनोन्‌महिने राहतात. पण भाजून कुटले की त्यांचा वास दिवसागणिक उतरत जातो. कॉफीचं तेच आहे, फक्त उतार अधिक वेगाचा. भाजताना बी फुगते, तडतडते, तिचं सुमारे पंधरा टक्के वजन कमी होतं आणि आत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो. पुढचे काही दिवस हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. तो आत असेपर्यंत बाहेरच्या प्राणवायूला बीत शिरायला फारसा वाव नसतो. वायू संपत आला की हवा आपलं काम सुरू करते. सुवास उडतो, बीतलं तेल खराब होऊ लागतं आणि शेवटी कॉफीला जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास येतो.

म्हणून अगदी काल भाजलेली कॉफीही लगेच उत्तम लागते असं नाही. वायू जास्त असल्यामुळे पाणी पुडीत नीट मुरत नाही आणि चव कच्ची, चरचरीत येते. साध्या फिल्टरसाठी भाजल्यावर चार-पाच दिवस, यंत्रावरच्या एस्प्रेसोसाठी आठ-दहा दिवस थांबलं की कॉफी जमते. तिथपासून महिना-सव्वा महिना तिचा उत्तम काळ. त्यानंतर ती विषारी होत नाही, पिता येते. पण ज्या वासासाठी पैसे मोजले, तो गेलेला असतो.

हा सगळा हिशेब अख्ख्या बियांचा. दळली की गणित बदलतं. बीचे बारीक कण झाले की हवेला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे आठवड्यांचं काम दिवसांत होतं. दळल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात जो वास घरभर फिरतो, तो कपातून वजा झालेला वास असतो, हे लक्षात ठेवलं म्हणजे जाणकार लोक अख्ख्या बियांचा आग्रह का धरतात ते कळतं.

आता पाकीट. भारतात पाकिटावर पॅकिंगची किंवा उत्पादनाची तारीख आणि 'बेस्ट बिफोर' असतं. पॅकिंगची तारीख म्हणजे भाजल्याची तारीख असेलच असं नाही. 'बेस्ट बिफोर' तर सहा महिने, वर्ष असं लांबचं असतं. त्यावरून बी कधी भाजली ते कळत नाही. 'रोस्टेड ऑन' किंवा 'रोस्ट डेट' असा वेगळा शिक्का असलेलं पाकीट शोधावं. तो शिक्का मुद्दाम मारणारा विक्रेता निदान ताजेपणाचा विचार करतो, एवढं तरी त्यातून कळतं. शिक्का नसेल तर सरळ विचारावं. बेंगळुरू, म्हैसूर, हासन, चिक्कमगळूरकडे 'कॉफी वर्क्स' नावाची जुनी दुकानं असतात. तिथे बी समोर मोजून, समोर दळून देतात. अशा ठिकाणी कन्नडमध्ये "यावाग हुरिदिद्दु?" (कधी भाजलं?) एवढं विचारलं तरी पुरतं. दुकानदाराने "सकाळीच" म्हटलं की घ्यावी. उत्तर द्यायला त्याला फार वेळ लागला तर दुसरं दुकान बघावं.

डोळ्यांनीही थोडं कळतं. मध्यम भाजलेल्या, तपकिरी बीवर तेलाचा थर चमकत असेल तर ती बहुधा जुनी आहे. मात्र काळपट, कडक भाजलेल्या बीवर तेल पहिल्या काही दिवसांतच येतं, त्यामुळे तिथे या खुणेवर जाऊ नये. खरी परीक्षा घरी होते. पुडीवर थोडं गरम पाणी ओतलं की ताजी कॉफी फुगून वर येते, बुडबुडे धरते. शिळी पूड नुसती भिजून बसते.

मित्राच्या ओट्यावर काय आहे?

भेट गुपचूप द्यायची हौस असेल तर हा प्रश्न अडचणीचा आहे, पण टाळता येणारा नाही. थेट विचारायचं नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारावं. वहिनींना विचारलं तर बहुतेक वेळा एका वाक्यात सगळं कळतं.

आपल्याकडच्या मराठी घरांत कॉफी म्हणजे काय, हे आधी मान्य करायला हवं. पुष्कळ घरांत ती दुधात होते. पातेल्यात दूध, साखर, चमचाभर इन्स्टंट पावडर आणि वर जायफळ, कुठे वेलची. ही कॉफी वाईट नाही. जायफळाच्या कॉफीवर वाढलेल्या माणसाला दुसरी कुठली चालतही नाही. पण अशा घरी अख्ख्या बियांचं पाकीट देणं म्हणजे गिरणी नसलेल्या गावात गव्हाचं पोतं देण्यासारखं झालं. तिथे दोनच मार्ग आहेत. एक, ताजी दळलेली पूड थोडीच, शे-दीडशे ग्रॅम, आणि सोबत स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. हा फिल्टर महाग नसतो, वीज लागत नाही, बिघडायला त्यात काही नाही. दुसरा, कॉफीचा नाद सोडून करदंट द्यावा.

फिल्टर आधीच असेल, आणि बेळगाव-हुबळीकडच्या, हैदराबादच्या किंवा दक्षिणेत नोकरी केलेल्या घरांत तो असण्याची शक्यता बरीच, तर काम सोपं आहे. तिथे दूध घालून प्यायची दाट डिकॉक्शन हवी असते. त्यासाठी मध्यम ते गडद भाजलेली कॉफी घ्यावी. फार हलकी भाजलेली, आंबटसर बी दुधात फिकी पडते.

घरी फ्रेंच प्रेस, मोका पॉट किंवा कागदी फिल्टरचा शंकू असेल, तर मित्र आधीच या वाटेला लागलेला आहे. दळायचं यंत्र आहे का, एवढं फक्त बघावं. असेल तर अख्ख्या बिया डोळे मिटून द्याव्यात. नसेल तर दुकानातून दळून घ्यावी, आणि दळताना भांडं कोणतं ते सांगावं. फ्रेंच प्रेसला जाड रव्यासारखी भरड लागते; बारीक पूड जाळीतून सुटून कपात गाळ येतो. स्टीलच्या फिल्टरला त्याहून बारीक, पण पिठासारखी नाही. पीठ झालं की भोकं बुजतात आणि डिकॉक्शन तासभर उतरत नाही. मोका पॉटला बारीक रव्यासारखी, आणि एस्प्रेसो यंत्राला सगळ्यात बारीक. "कॉफीसाठी दळून द्या" एवढंच सांगितलं तर दुकानदार त्याच्या सवयीचं दळणार, मित्राच्या सोयीचं नाही.

मिक्सरमध्ये दळता येतं का, हा प्रश्न हमखास येतो. येतं, पण थोडी काळजी घ्यावी लागते. सलग फिरवलं तर पातं तापतं आणि कॉफी पुन्हा भाजल्यासारखी होते. शिवाय अर्धी पीठ, अर्धी तुकडे. एक-दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. आणि हो, काल ज्या भांड्यात लसणाची चटणी झाली ते भांडं नको. नाइलाज असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्यावेत. कॉफी सगळे वास ओढून घेते.

कोणती बी घ्यावी

दुकानात दोन नावं ऐकू येतील, अरेबिका आणि रोबस्टा. या दोन वेगळ्या जाती आहेत. अरेबिका थंड उंचीवर, साधारण हजार मीटरच्या वर चांगली येते. चव नाजूक, वास गोड, थोडा आंबटपणा. रोबस्टा खालच्या, उष्ण उतारांवर येते. चव कडू-दणकट, फेस चांगला आणि कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त, साधारण सत्तर टक्के.

'शंभर टक्के अरेबिका' म्हणजे चांगली आणि रोबस्टा म्हणजे हलकी, असं जे पसरलं आहे ते अर्धंच खरं आहे. काळी, बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्याला अरेबिका द्यावी, हे ठीक. पण दूध-साखर घालून पिणाऱ्या मित्राला थोडी चांगली रोबस्टा मिसळलेलं मिश्रण अधिक आवडण्याची शक्यता आहे, कारण दुधाला पुरून उरण्याचा दम तिच्यात आहे. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीचा कडकपणा पुष्कळदा तिच्याच जिवावर असतो. ज्याला रात्री झोप लागत नाही, किंवा डॉक्टरांनी कॅफीन कमी करायला सांगितलं आहे, त्याला मात्र रोबस्टा देऊ नये.

आता गाव. भारतातल्या कॉफीची कथा बाबा बुडन यांच्यापासून सांगतात. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी ही परंपरेने चालत आलेली कथा. सात बियांचं खरं-खोटं काहीही असो, तो डोंगर आज बाबा बुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो आणि तिथली अरेबिका अजून नावाजलेली आहे. २०१९ मध्ये भारतातल्या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. त्यात बाबा बुडनगिरी अरेबिका, चिक्कमगळूर अरेबिका आणि कूर्ग अरेबिका या तीन कर्नाटकच्या, चौथी केरळची वायनाड रोबस्टा आणि पाचवी आंध्रची अरकू व्हॅली अरेबिका. अरकूची कॉफी आदिवासी शेतकरी पिकवतात. हैदराबादच्या वाचकांना तीच जवळची पडावी.

कोडगू म्हणजे कूर्ग हा एकटा जिल्हा देशातली जवळपास एक तृतीयांश कॉफी पिकवतो. तिथे आणि चिक्कमगळूरला कॉफी उघड्या रानात नाही, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. सावलीत फळ सावकाश पिकतं. भारतीय अरेबिकाच्या चवीत मसाल्याची झाक येते असं पुष्कळजण सांगतात. ती प्रत्येकाला लागेलच असं नाही, पण शोधायला मजा येते.

एक वेगळीच वस्तू भेट द्यायची असेल तर 'मान्सून्ड मलबार' बघावी. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायला महिने लागत. त्या प्रवासात दमट हवा पिऊन बी फुगायची, पिवळट व्हायची आणि तिचा आंबटपणा जायचा. पुढे आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला, तर तिकडचे गिऱ्हाईक म्हणू लागले, ही आमची कॉफी नव्हे. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे तीन-चार महिने, चारी बाजूंनी उघड्या गोदामांत कच्ची बी पसरून, उलथत राहून तोच परिणाम मुद्दाम साधला जाऊ लागला. आजही तसंच करतात. ही कॉफी सौम्य, मातकट, आंबटपणा जवळजवळ नसलेली. ज्यांना कॉफीने जळजळ होते असं वाटतं, त्यांना ती बहुधा पटते. तीव्र, फळांसारखी चव शोधणाऱ्याला मात्र ती सपक वाटेल.

महाराष्ट्रातही कॉफी होते, हे बऱ्याच मराठी माणसांना माहीत नसतं. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची लागवड आहे. उत्पादन अगदी थोडं, पण इंदूरकडून मेळघाटात फिरायला जाणाऱ्यांना ती तिथे मिळू शकते. भेटीमागे गोष्ट हवी असेल तर ही चांगली गोष्ट आहे.

पाकिटावरच्या अक्षरांचा अर्थ

'प्लांटेशन एए', 'प्लांटेशन ए', 'पीबी', 'चेरी एबी' अशी अक्षरं बघून माणूस बुचकळ्यात पडतो. ही भारतीय प्रतवारी आहे आणि ती मुख्यतः दोन गोष्टी सांगते. पहिली, फळातून बी कशी काढली. 'प्लांटेशन' म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. रोबस्टा तशीच धुतलेली असेल तर तिला 'पार्चमेंट' म्हणतात. 'चेरी' म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवून मग बी काढलेली, अरेबिका असो की रोबस्टा. धुतलेलीची चव स्वच्छ, नेटकी. फळासकट वाळवलेलीची जड, गोडसर, कधी थोडी आंबलेल्या फळासारखी.

दुसरी गोष्ट, बीचा आकार. एए मोठी, ए त्याहून किंचित लहान, बी आणखी लहान. चाळणीच्या भोकांवरून हे ठरतं. एए म्हणजे चवीला अव्वल, असं नाही. मोठी आंबाडी बोरं गोडच असतात असं कुठे आहे? 'पीबी' म्हणजे पीबेरी. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून असतात; काही थोड्या फळांत एकच गोल बी निघते. ती वेगळी काढून विकतात. गोल असल्यामुळे भाजताना ती सारखी फिरते आणि एकसारखी भाजली जाते, असं भाजणारे सांगतात. फिल्टर कॉफीच्या जुन्या दुकानांत 'पीबेरी आणि प्लांटेशन ए, अर्धं-अर्धं' ही मागणी अजूनही रोज ऐकू येते, आणि दूध घालून पिणाऱ्याला ती देऊन फसायला होत नाही.

अलीकडे पाकिटावर मळ्याचं नाव, उंची, झाडाची जात असंही छापतात. 'एस ७९५', 'सिलेक्शन ९', 'चंद्रगिरी' ही त्या जातींची नावं. एस ७९५ ही चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राची १९४० च्या दशकातली देणगी, आणि आजही मळ्यांत ती भरपूर आहे. मळ्याचं नाव छापण्याची पद्धत फार जुनी नाही. १९४२ च्या कॉफी कायद्यानंतर अनेक दशकं शेतकऱ्याला आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालावं लागे. तिथे सगळ्यांची कॉफी एकत्र होई, मळ्याची ओळख उरत नसे. १९९२ नंतर हे टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि १९९६ पासून शेतकऱ्याला सगळं पीक हवं तिथे विकता येऊ लागलं. मित्राला दिलेल्या पाकिटावर एखाद्या मळ्याचं नाव दिसतं ते त्यामुळे.

जीआय असो, मळ्याचं नाव असो की एए, यातलं काहीही बी कधी भाजली ते सांगत नाही. नामांकित मळ्याच्या सात महिन्यांपूर्वी भाजलेल्या बीपेक्षा साध्या प्लांटेशन ए ची दहा दिवसांपूर्वी भाजलेली बी कपात सरस ठरते.

चिकोरीचा मामला

चिकोरी हे एका झुडपाचं मूळ. वाळवून, भाजून, दळून ते कॉफीत मिसळतात. त्यात कॅफीन नसतं. रंग गडद येतो, डिकॉक्शन दाट वाटते आणि खर्च कमी होतो. आपल्याकडे तिचं पीक मुख्यतः गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात होतं. त्यामुळे वडोदऱ्याच्या वाचकांना आणंद-खेड्याच्या बाजूला ती शेतात बघायला मिळेल. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. अनेक दाक्षिणात्य घरांना वीस-तीस टक्के चिकोरीशिवाय कॉफी पातळ लागते.

प्रश्न माहिती न देता मिसळण्याचा आहे. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि कॉफी किती, चिकोरी किती, हे पाकिटावर टक्क्यांत छापायला हवं. म्हणजे कायदा पाळूनही पाकिटात जवळजवळ अर्धी चिकोरी असू शकते. पुढच्या बाजूला वाफाळता कप आणि टक्के मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. २०२४-२५ मध्ये कॉफीचे भाव जगभर विक्रमी चढल्यानंतर तर हे अक्षर वाचणं जास्तच गरजेचं झालं आहे. सुट्या पुडीच्या दुकानात चिकोरी नको असेल तर आधीच "चिकोरी बेड" म्हणावं. न सांगितल्यास काही ठिकाणी सवयीने घातली जाते.

शंका आली तर घरी तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन वरून चिमूटभर पूड टाकावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी काही सेकंदांत खाली जाऊ लागते आणि मागे तपकिरी रेघ सोडत जाते.

अख्ख्या बिया घेतल्या की ही कटकटच नाही. मुळाची बी करून कुणी विकू शकत नाही.

किती आणि कशी पाठवायची

प्रेमाच्या माणसाला किलोभर द्यावी असं वाटतं. इथे हात आवरावा. एका मोठ्या कपाला साधारण पंधरा ग्रॅम बी लागते. म्हणजे पाव किलोत सोळा कप. रोज एक कप पिणाऱ्याचे दोन आठवडे. किलोभर दिली तर त्याच माणसाला दोन महिन्यांहून जास्त पुरेल आणि शेवटची अर्धी शिळी होऊनच संपेल. एकट्या माणसाला पाव किलो, रोज दोघं पिणारं घर असेल तर अर्धा किलो. जास्तच द्यायची हौस असेल तर वेगवेगळ्या गावांची दोन पाव किलोची पाकिटं द्यावीत, किंवा आत्ता एक आणि महिन्याने दुसरं.

पाकीट जाड, आत चांदीसारखा थर असलेलं आणि एका बाजूला छोटं गोल छिद्र असलेलं असावं. ते छिद्र वास घेण्यासाठी नसून ती एकमार्गी झडप असते. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. झडप नसलेल्या पक्क्या पाकिटात अगदी ताजी बी भरली तर ते फुगतं, क्वचित फुटतं. काचेच्या सुंदर बरणीत, रिबन बांधून देणं दिसायला छान. पण उजेड आणि बरणीतली मोकळी हवा दोन्ही कॉफीच्या मुळावर येतात. बरणी द्यायचीच तर रिकामी द्यावी आणि कॉफी पाकिटातच ठेवावी.

तारखेचा हिशेब उलटा करावा. वाढदिवस महिन्याच्या वीस तारखेला असेल तर दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान भाजलेली कॉफी हातात पडायला हवी. पुष्कळ छोटे भाजणारे आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशीच भाजतात. तो वार विचारून मागणी नोंदवली की कुरियरच्या तीन-चार दिवसांत बीला हवी ती विश्रांतीही मिळून जाते. दिवाळीत मात्र कुरियर तुंबतात, तेव्हा आठवडाभर आधी पाठवावी. आणि दिवाळीला "नव्या हंगामाची कॉफी" म्हणून कुणी विकत असेल तर जरा सावध राहावं. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते आणि रोबस्टा त्यामागून. वाळवणं, टरफल काढणं, प्रतवारी यात आणखी वेळ जातो. दिवाळीत मिळते ती आधीच्या हंगामाची बी. त्यात काही गैर नाही, भाजली ताजी असली म्हणजे झालं.

गाडीतून नेत असाल तर पाकीट डिकीत मसाल्यांच्या आणि अगरबत्तीच्या शेजारी नको, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर नकोच. परदेशातल्या मित्रासाठी भाजलेलीच बी न्यावी. भाजलेली कॉफी बहुतेक देश येऊ देतात. कच्ची बी ही बियाणं ठरते आणि विमानतळावर अडू शकते. तरी निघण्यापूर्वी त्या देशाचा नियम बघून घ्यावा.

पाकिटासोबत एका चिठ्ठीवर तीन-चार ओळी लिहून दिल्या तर भेट वाया जात नाही. भाजल्याची तारीख, कधीपर्यंत संपवायची, आणि हे: पाकीट उघडल्यावर हवा दाबून काढून घट्ट बंद करा, ओट्यापासून लांब, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमध्ये ओल धरते आणि कालच्या सांबाराचा वासही. फार दिवस ठेवायचीच असेल तर न उघडलेलं पाकीट फ्रीजरमध्ये चालतं. मात्र बाहेर काढल्यावर ते पूर्ण नेहमीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर बियांवर दव धरतं. स्टीलच्या फिल्टरवाल्यांसाठी आणखी एक ओळ: वरच्या भांड्यात पूड भरून हलकेच सपाट करा, दाबू नका, उकळी येऊन मिनिटभर निवलेलं पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडून बघू नका.